देसाईंचं स्टेटमेंट

आमचं ऑफिस बंद झालं तेव्हा टेबलं, पंखे, कॉम्प्युटर सगळं विकलं गेलं. किस्से मात्र कुणी नेले नाहीत, ते माझ्याकडेच पडून आहेत. त्यातले काही मला अजून नीट कळलेले नाहीत, पण म्हणून सांगायचे नाहीत असं थोडंच आहे?

नव्वदच्या दशकातली गोष्ट. भाईंदर पूर्वेला खाली स्टीलच्या भांड्यांचा कारखाना आणि वर आम्ही. लोक शेअरमध्ये गुंतवायला आमच्या कंपनीकडे पैसे सोपवत. दर तीन महिन्यांनी त्यांचं काय झालं, याचं स्टेटमेंट मी तयार करायचो.

हे घरी समजावताना माझी पुरेवाट झाली. वडील, म्हणजे आप्पा, टपालखात्यातून रिटायर झालेले. त्यांनी विचारलं, "शेअर तू घेतोस?"

"नाही."

"मग पैसे तुझ्या ताब्यात असतात?"

"नाही. काय झालं ते मी फक्त कळवतो."

"म्हणजे पोस्टमनच की," आप्पा म्हणाले आणि समाधानाने जेवू लागले.

*

शेजारच्या मेहताभाईंना तर मी म्हणजे बाजाराची किल्लीच वाटायचो. जिन्यात गाठून म्हणाले, "सावंतभाई, कौनसा शेअर लूँ?"

"भाई, मुझे सच में नहीं मालूम."

"समझ गया," म्हणत त्यांनी डोळा मारला. दुसऱ्या दिवशी घरी डबाभर ढोकळा आला. मी काय सांगितलं होतं आणि त्यांना काय समजलं होतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. ढोकळा छान होता.

*

माझ्या आधी या जागेवर जो होता, त्याच्या हातून प्रिंटरमधला कागद एक ओळ सरकला आणि प्रत्येकाला यादीत त्याच्या खालच्या माणसाचे आकडे गेले. ज्यांचे आकडे घटले त्यांच्या तक्रारींचा ढीग लागला. ज्यांचे वाढले त्यांच्यापैकी एकानेही अवाक्षर काढलं नाही.

त्याची नोकरी गेली, ती मला मिळाली. साहेब पहिल्याच दिवशी म्हणाले, "सावंत, सहा महिने बघणार. एक जरी चुकीचं स्टेटमेंट क्लायंटकडे गेलं तर नमस्कार. नाही गेलं तर पर्मनंट."

गिरगावची खोली सोडून भाईंदरच्याच इंद्रलोक वस्तीत आम्ही नुकतेच फ्लॅट घेऊन आलो होतो. ही नोकरी जाणं मला परवडणारं नव्हतं. मी घाबरलो होतो, खोटं कशाला बोलू?

*

जवळच्या मोरवा गावचे पाटीलकाका आमचे क्लायंट. पोस्टावर त्यांचा भरवसा नव्हता, स्टेटमेंट न्यायला स्वतः यायचे. एकदा आकड्यापुढच्या वजाच्या चिन्हावर बोट ठेवून म्हणाले, "ही आडवी रेघ कशाला मारलीस?"

"काका, तेवढं कमी झालंय."

"कुनी केलं?"

"बाजारानं."

"मंग बाजाराची सही घे. हितं तुजी कशाला हाय?"

मी साहेबांकडे पाहिलं. साहेब खिडकीबाहेर पाहत होते.

*

साहेबांनी नियम केला की आधी एकाच क्लायंटला स्टेटमेंट पाठवायचं आणि ते नीट पोचलं की आठवड्याने बाकीची. खऱ्या क्लायंटला आधी पाठवून चूक निघाली तर माझी गच्छंती. म्हणून मी एक क्लायंट मनानेच तयार केला. नाव म. वि. देसाई, आकडे मनाचे, पत्ता आमच्या घरचा. चारशे नावांत साहेबांच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. आप्पांना सांगितलं, "देसाईंच्या नावाचं पाकीट येईल. फोडू नका, फक्त तारीख सांगा."

"दुसऱ्याचं टपाल मी जन्मात फोडलेलं नाही," आप्पा दुखावल्या स्वरात म्हणाले.

देसाईंचं पाकीट पोस्टात टाकलं आणि चार दिवसांनी ऑफिसात देसाईंचं पत्र आलं. टाइप केलेलं. 'पान दोनची बेरीज पान एकशी जुळत नाही. खुलासा करावा.'

जो माणूस नाही, त्याने बेरीज केली कशी? तपासलं तर खरंच चुकली होती आणि तीच चूक चारशे स्टेटमेंटमध्ये होती. ती स्टेटमेंटं अजून माझ्या टेबलावरच होती म्हणून वाचलो.

घरी येऊन पाहिलं. देसाईंचं पाकीट आप्पांच्या कपाटात, बंद.

*

साहेब मात्र देसाईंवर खूश. "असा बारकाईने वाचणारा माणूस हवा. सावंत, एकदा त्यांच्या घरी जाऊन भेटूया."

"ते गावी गेलेत," मी म्हणालो.

"तुला कसं माहीत?"

"भाईंदरमधलेच आहेत ना, कळतं." मी पुन्हा आकड्यांत डोकं घातलं. पुढच्या तिमाहीत प्रत्येक बेरीज तीन तीनदा केली आणि देसाईंचं पाकीट हात जोडून पोस्टात टाकलं.

*

सहा महिने संपले त्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. हातात देसाईंचं पत्र होतं. साहेबांनी मोठ्याने वाचलं, 'या खेपेस सर्व आकडे जुळले. हे काम करणारा माणूस कष्टाळू आहे. त्याला कायम करावे.'

"क्लायंटच म्हणतोय," साहेब म्हणाले आणि माझ्या कागदावर सही केली.

कुणालाही काही न सांगता मी थेट घरी आलो. टेबलावर पेढ्यांचा पुडा होता.

"आप्पा, हे कुणी आणले?"

आप्पांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं नाही.

"देसाईंनी पाठवलेत."