अश्कानी नाण्याची पाठकोरी चिठ्ठी

दोन हजार वर्षं टिकलेल्या पाच नाण्यांचा इतिहास मी एका रविवारी दुपारी, जेवून-खाऊन, सुवाच्य अक्षरात बुडवला.

नाणी चांदीची, जुन्या पावलीएवढी. पार्थियन राजांची, म्हणजे पार इराणातली. एका बाजूला डावीकडं तोंड फिरवलेला दाढीवाला राजा, दुसऱ्या बाजूला धनुष्य घेतलेला तिरंदाज आणि भोवती ग्रीक अक्षरं. पहिल्यांदा मी ती कौतुकानं बायकोला दाखवली, तेव्हा तिनं राजाकडं बघितलं आणि म्हणाली, "हे आमच्या आत्याचे यजमान. जेवायला बोलावलं की असेच तोंड फिरवून बसायचे." मग नाणं उलटलं. "आणि हा काय करतोय? गोधडीच्या सुईत दोरा ओवतोय?"

ही नाणी मला दिली ती आमच्या दफ्तरखान्यातल्या एका बुजुर्ग साहेबांनी. निजामाच्या काळापासून ते तिथं होते. पोलिस ॲक्शननंतर काही वर्षांनी दफ्तर उर्दूतून मराठीत आणायचं ठरलं, आणि चौथीपर्यंत उर्दू शाळेत मार खाल्लेला म्हणून मला तिथं चिकटवलं. ते जुनं शिकस्ता, म्हणजे घाईतलं मोडकं उर्दू अक्षर वाचून दाखवायचे, मी मराठीत स्वच्छ नक्कल करायचो. डबा खाताना ते खिशातून एखादं नाणं काढायचे. पार्थियन म्हणायचे नाहीत, अश्कानी म्हणायचे. आणि प्रत्येक नाण्याबरोबर घडी घातलेली एक चिठ्ठी असायची. नाणं कोणाकडून घेतलं, त्याच्याकडं कुठून आलं, त्याच्या आधी कोणाकडं होतं. "मियाँ," ते म्हणायचे, "नाणं गुंगं असतं, मुकं. बोलते ती चिठ्ठी. चिठ्ठी नसली की बाजारात अशी पन्नास मिळतात, आणि त्यातली चाळीस गेल्या महिन्यात ओतलेली."

नोकरी संपल्यावर ते हैदराबादला लेकीकडं राहायला निघाले. जाताना पाच नाणी माझ्या हातावर ठेवली आणि एवढंच बोलले, "चिट्ठी जुदा मत करना."

मी हो म्हणालो. लगेच हो म्हणायची मला सवय आहे. लग्नही तसंच झालं.

पुढं वीसेक वर्षं नाणी कपाटात चिठ्ठ्यांसकट सुखात होती. मग तो रविवार आला. चिठ्ठ्या पिवळ्या पडल्या होत्या, घड्यांवर विरल्या होत्या, जांभळी शाई पसरली होती. अशा कागदाचं काय करायचं, हे माझ्या हाताला डोक्यापेक्षा आधी माहीत. उर्दू जीर्ण कागद, मराठी स्वच्छ नक्कल. पाच नवी पाकिटं घेतली, रेघा मारल्या: धातू, वर्णन, कोणाकडून प्राप्त, शेरा. जे या रकान्यांत बसलं नाही ते गाळलं. पाचही पाकिटांवर 'शेरा : निरंक' लिहिलं, खाली बारीक सहीसुद्धा ठोकली. जुन्या चिठ्ठ्यांची मागची बाजू कोरी होती. पाठकोरा कागद टाकून द्यायला आम्ही काही नवाब नाही. पिन लावून गठ्ठा स्वयंपाकघरात दिला.

महिनाभरानं बुधवारी हैदराबादहून कार्ड आलं. साहेबांच्या लेकीचं. अब्बांना जाऊन दोन वर्षं झाली, त्यांच्या वह्यांची पेटी वाळवीनं खाल्ली, घरात त्यांच्या हातचं एक अक्षर उरलेलं नाही. तुमच्याजवळ त्यांच्या चिठ्ठ्या आहेत असं ते सांगायचे. शुक्रवारी येते. नाणी नकोत, फक्त अक्षर बघायचंय.

कार्ड हातात घेऊन मी स्वयंपाकघरात गेलो.

"अगं, तो पाठकोऱ्यांचा गठ्ठा..."

"संपला."

"संपला म्हणजे?"

"म्हणजे याद्या केल्या. वाण्याकडं गेल्या. पाचच तर कागद होते, तेही एवढेएवढेसे. हिंग लिहायचं म्हटलं तर कोपऱ्यात कोंबावं लागलं." तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. "का हो? त्यात काही होतं?"

मी कार्ड वाचून दाखवलं. तिनं गॅस बारीक केला. आमच्या घरात गॅस बारीक झाला की परिस्थिती गंभीर असते.

पण मी आशा सोडली नव्हती. पाकिटांवर मजकूर होता, हाताला उर्दू वळण होतं, घरात चहा होता. साहेबांचं अक्षर वीस वर्षांपूर्वी रोज बघितलेलं. त्या संध्याकाळी मी बशीत चहा ओतला, कोरा कागद त्यात बुडवला आणि वाळायला फुंकर घालत बसलो. बायको मागं येऊन कधी उभी राहिली ते कळलं नाही.

"बाप गेलाय तिचा," ती म्हणाली. "आणि तुम्ही तिला चहाचा कागद दाखवणार?"

बशी घेऊन ती आत गेली. जाताना म्हणाली, "वाण्याकडं बघा आधी. तो याद्या तारेला लावून ठेवतो. कोणी भांडायला आलं की दाखवतो."

आमचा वाणी मूळचा करमाडचा, दुकान औरंगपुऱ्यात. वर्षानुवर्षांच्या भांडणांनी तो शहाणा झालेला. गिऱ्हाईक म्हणालं, मी तूरडाळ सांगितली होती, की हा तार काढणार आणि त्याच्याच अक्षरातली मूगडाळ त्याच्या नाकासमोर धरणार.

गुरुवारी ऑफिसातून परस्पर त्याच्याकडं गेलो.

"साहेब, मागं उर्दू असलेल्या का? व्हय, आल्या व्हत्या. म्या म्हनलं, साहेबांनी दफ्तर फोडलं का काय!"

"आहेत का त्या?"

"बघा की. तार ही घ्या. पन लावून ठिवा परत, बरं का. न्हायतर दिवाळीत माझं मरन व्हईल."

मी गुळाच्या ढेपीशेजारी पोत्यावर बसलो आणि गल्लीचं पोट वाचायला लागलो. आमच्या हेडक्लार्कांना मधुमेह. ऑफिसात बिनसाखरेचा चहा घेतात. त्यांच्या घरच्या तीन याद्यांत मिळून नऊ किलो साखर होती. शेजारच्या मास्तरांच्या घरी साबण लागतच नाही असं दिसलं. तास झाला. बोटांना तारेचा गंज लागला. चार चिठ्ठ्या नव्हत्याच.

"जिरं-मोहरी बांधली आसंल त्यात," वाणी म्हणाला. "कागद लई मऊ व्हता ओ. घडी झकास बसती."

तारेच्या पार तळाला पाचवी निघाली. एका बाजूला बायकोचं अक्षर: हरभरा डाळ, पोहे, काड्यापेट्या, आणि कोपऱ्यात 'हिंग – चांगला, मागच्यासारखा नको'. उलटली. जांभळी शाई. बरोब्बर मधोमध तारेचं भोक. ती खिशात घालून मी घराकडं पळालो. तार परत लावायचं राहिलंच. वाण्यानं मागून हाक मारली तेव्हा वळून आलो.

शुक्रवारी सकाळी बाई आल्या. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या, शाळेत शिकवत होत्या असं म्हणाल्या. बायकोनं पोहे केले. मी रात्रभर पाठ केलेलं भाषण विसरलो आणि सरळ सांगून टाकलं: पाच होत्या, माझ्या मूर्खपणानं चार गेल्या, ही एक राहिली आणि हिच्या पाठीवर आमचं वाणसामान आहे.

त्यांनी चिठ्ठी दोन्ही हातांत धरली. बराच वेळ वाचलीच नाही, नुसती बघितली.

"हौ," त्या हळूच म्हणाल्या. "अब्बा का-च हात है."

मग चष्मा लावून मोठ्यानं वाचायला लागल्या. बसऱ्याच्या मोतीवाल्याकडून घेतलं. त्याच्या आजाला इराणात, हमदानमध्ये मिळालं होतं. एवढं माझ्या पाकिटावरही होतं. पण खाली आणखी एक ओळ होती. ती वाचताना त्या थांबल्या.

"आज छोटी का पहला दाँत टूटा."

मग त्या हसल्या, अगदी पोरीसारख्या, तोंडावर हात धरून. "छोटी मैं! नाणं आणलं त्या दिवशीची गोष्ट मला ठाऊक आहे, भाईसाब. मी रडत होते, तर अब्बांनी हा दाढीवाला दाखवला. म्हणे, याचे तर सगळेच पडले, म्हणून तोंड मिटून बसलाय."

ही ओळ मी महिन्यापूर्वी वाचली होती. रकान्यात बसत नव्हती. मी तिच्या जागी निरंक लिहिलं होतं.

दुसऱ्या चार चिठ्ठ्यांवर शेवटी काय होतं, ते आठवायचा मी खूप प्रयत्न केला. रकाने तेवढे आठवतात.

बाई चिठ्ठी परत द्यायला लागल्या. "नक्को, ठेवा. नाण्याबरोबरच राहू द्या. अब्बा बोले थे ना, जुदा मत करना."

"म्हणूनच," मी म्हणालो आणि कपाटातून ते नाणं आणून त्यांच्या हातावर ठेवलं. त्या नाही-नाही म्हणत होत्या. तेवढ्यात बायकोनं त्यांची मूठ मिटवली आणि वरून ओटी भरली, त्यामुळं हात उघडायची सोयच राहिली नाही.

रिक्षा कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी दारात उभा होतो. पाचांतलं सर्वांत चांगलं नाणं गेलं होतं, आणि उरलेली चार माझ्या सुवाच्य पाकिटांत गुंगी होऊन पडली होती. तरी छाती जरा फुगलीच. म्हटलं, आता घरातून काहीतरी कौतुक ऐकू येईल.

बायको हात पुसत बाहेर आली.

"दिलंत ते बरं केलंत," ती म्हणाली. "पण त्या यादीतला हिंग त्यानं अजून पाठवलेला नाही. आता मी भांडायला गेले, तर दाखवू काय?"