धुऱ्यावरची धाव

मी चौथीपर्यंत शिकले. लाखनीच्या कॉलेजातले खेळाचे सर घरी आले आणि म्हणाले, तुमची मुलगी फार वेगात धावते. मी म्हटलं, लहानपणापासून धानाच्या बांधीवर शिदोरी घेऊन धावतच येते, त्यात काय नवल. सर म्हणाले, तिथंच खोड लागली. धुरा, म्हणजे शेताचा बांध, हातभर रुंद, दोन्हीकडे चिखल. पायाकडे पाहिलं नाही तर माणूस धानात पडतो. म्हणून ती मैदानावरही खाली पाहून धावायची आणि शेवटी मागे पडायची. तिची मान वर आणायला सरांना वर्ष लागलं. मग ती जिंकू लागली.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी विद्यापीठाच्या संघाची निवड ऐन रोवण्यात, धानाच्या लावणीत आली. बाया मिळत नव्हत्या, लावायचे पऱ्हे, धानाची रोपं, पिवळे पडत होते. मी तिला म्हटलं, पुढल्या वर्षी जा. ती थांबली. तिची सोयरीक ठरत आली होती. तिला ते माहीत नव्हतं, मला होतं. दिवाळीनंतर लग्न लावून दिलं.

सोळा वर्षांनी, यंदा कापणी झाल्यावर, ती सानगडीहून माहेरी आली. भंडाऱ्याला पस्तिशीवरच्या बायांची शर्यत होती. पहिल्या तिघी राज्याच्या स्पर्धेला जाणार होत्या. रस्त्यावर ट्रक, म्हणून ती सकाळी धुऱ्यावरच सराव करू लागली. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "मान खाली जाऊन राहिली तुही."

"मंग तू त्या टोकाले उभी राह्य. तुह्याकडं पाहीन."

पंधरा दिवस मी उभी राहिले. मान वर राहू लागली.

भंडाऱ्यालाही मी शेवटच्या रेषेपलीकडे जाऊन उभी राहिले. तिथल्या एक बाई आल्या, आजी उन्हात कशाला म्हणाल्या आणि मला मांडवात खुर्चीवर बसवलं. गुडघे दुखत होते. मी बसले.

निम्म्यापर्यंत ती पुढे होती. मग तिनं रेषेपलीकडे पाहिलं. मी तिथं नव्हते. तिची मान खाली गेली. चौथी आली.

बूट हातात घेऊन ती माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता रोवण्याची गोष्टही काढेल. काढली नाही. घटाघटा पाणी प्यायली.

"पुढल्या वर्सी खुर्चीवर बसू नको, माय."

नाही बसत, मी म्हटलं. पुढल्या वर्षाचं मी तिला एकदा खोटं सांगितलं होतं. ती खोटं बोलत नाही.