चार मिलिमीटरची गोळी

नळी वाकवून झाली की त्या ती उभी धरायच्या. वरच्या तोंडात सायकलच्या बेअरिंगमधली चार मिलिमीटरची गोळी सोडायच्या, खालच्या तोंडाशी डावा तळहात लावायच्या आणि डोळे मिटायच्या. गोळी वळणावरून घरंगळत तळहातावर पडली की म्हणायच्या, "आली." एवढंच. मूल शाळेतून घरी आल्यावर म्हणावं तसं.

आम्ही सगळे त्यांना ताई म्हणायचो. खोपोलीच्या एका कारखान्यात त्या वीस वर्षं तांब्याच्या नळ्या वाकवायच्या, आणि मी तिथेच स्टोअरला होतो. कारखाना इथून हलला तेव्हा दोघं एकाच दिवशी घरी बसलो. गावही एकच, पळसदरीच्या अलीकडचं. माझ्या खिशात तेव्हाही पट्टी असायची, आजही असते. मी काही आकडा सांगितला की ताई म्हणायच्या, "मला काय सांगता भाऊ? गोळीला इचारा."

कुठलीही वस्तू घेताना आधी ती हातात तोलून बघणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. नळ्या वाकवायचा बेंडर घ्यायला आम्ही कर्जतला गेलो, तेव्हा ताईंनी दोन बेंडर हातात धरले आणि परत ठेवले. "दांडा आखूड हाय. दिवसाला दोनशे वळणं मारली तर पोरींचे खांदे जातील." मग त्यांनी तो करवूनच घेतला. तसं त्यात फार काही नसतं. एक लोखंडी चाक, त्याच्या कडेला नळी बसेल अशी अर्धगोल खोबण, नळी अडकवायला आकडा आणि चाकाभोवती फिरणारा दांडा. दांडा किती लांब हवा ते ताईंनी कोपरापासून बोटांपर्यंत हात दाखवून सांगितलं. मी पट्टी लावली, त्रेचाळीस सेंटिमीटर भरले. खोबणीचं माप मात्र लेथवाल्याला मी दिलं. स्वच्छ अक्षरात, दशांशासकट.

काम एका नव्या कंपनीचं होतं. पाणी थंड करायच्या यंत्रांना लागणाऱ्या नळ्या ताईंच्या अंगणातल्या शेडमध्ये वाकवायच्या. ताईंबरोबर गावातल्या तिघीजणी होत्या. त्या तिघी शनिवार-रविवारी फार्महाऊसवर भांडी घासायला जायच्या. ताईंनी शब्द दिला होता, "सोडा ते. मी हाय." त्यातल्या मंदाने तर मालकिणीला तोंडावर सांगून टाकलं होतं, दुसरी बाई बघा. कंपनीने नमुन्यासाठी आठ नळ्या दिल्या. त्यातल्या पाच नीट वाकवून दाखवायच्या. शनिवारी सकाळी दहाला त्यांचा माणूस येणार होता. पाच जमल्या तर काम, नाहीतर नाही.

गुरुवारी कारखान्यातल्या जुन्या तुकड्यांवर बेंडर चालवून पाहिला. दर वेळी गोळी आली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

शुक्रवारी दुपारी कंपनीची पहिली नळी वाकवली. ताईंनी गोळी सोडली, डोळे मिटले. तळहात रिकामाच राहिला.

"अडकली," मंदा म्हणाली.

"गप गं."

सायकलच्या पंपाने हवा मारून गोळी काढली. वळणावर नळी चपटली होती, ते बोटालाही कळत होतं.

"खोबण मापात आहे," मी म्हणालो आणि मोजून दाखवली. ६.३५. "हात हलला असेल. पुन्हा मारा."

ताईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि माझ्या शब्दावर दुसरी मारली. तीही अडकली. सहा उरल्या.

मंदा शेडच्या दारात जाऊन उभी राहिली. "ताय, मालकिणीला फोन लावू का? आज सांगितलं तर घेईल परत."

"आत ये आधी."

ताईंनी जुना तुकडा एका चिमटीत धरला, कंपनीची नळी दुसऱ्या. दोन्ही फिरवत राहिल्या. "भाऊ, ही बारीक लागते."

"पाव इंची आहे ताई. कागदावर आहे."

"कागद ऱ्हाऊ द्या. नळी मोजली का?"

खोबण मी तीनदा मोजली होती. नळी एकदाही नाही. मायक्रोमीटर लावला. ६.००. पुन्हा लावला. ६.००. मग कागद उघडला. कंपनीने फक्त '६ मिमी' लिहिलं होतं. त्यापुढे वळणदार अक्षरात "म्हणजे पाव इंच, ६.३५" हे मीच लिहिलं होतं. वीस वर्षं स्टोअरमध्ये पाव इंचीच नळी पाहिलेली, सहा म्हटल्यावर हात आपोआप चालला. चूक मिलिमीटरच्या तीन शतांशांची नव्हे, पस्तीस शतांशांची; एवढ्या सैल खोबणीत नळी चपटणारच.

शुक्रवार म्हणजे लेथवाल्याकडे लाईट नाही. वाळू भरून वाकवावी, तर आत एक कण राहिला तरी कंपनी परत करणार. ताईंनी चाकाच्या खोबणीतून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "खोबणीला अस्तर लावू. ब्लाऊजला लावतो तसं."

बिस्किटाच्या डब्याचा पत्रा मोजला, जाड निघाला. मंदा म्हणाली, "फार्महाऊसच्या मागं बियरचे डबे पडतात, ते पातळ असतात." ते आणायला मी गेलो. आयुष्यात थेंब न घेतलेला माणूस, दोन्ही हातांत चार डबे. वाटेत पारावर सदूकाका बसलेले.

"काय रं, आज दिवसाढवळ्या?"

"कामाला हवेत, काका."

"समदे असंच म्हनतात."

डब्याचा पत्रा भरला दहा शतांश. दोन्ही बाजूंनी वीस. खोबण झाली ६.१५. "तरी पंधरा शतांश सैल राहतेय," मी म्हणालो. "चालेल का?"

ताईंनी गोळी उचलून माझ्यापुढे धरली.

अस्तर बसवून तिसरी नळी मारली. पत्रा सरकला, नळीला सुरकुती पडली. आता पाचच उरल्या, आणि पाचच लागणार होत्या. ताईंनी पत्र्याच्या कडा चाकावर दुमडून ठोकल्या, नळीला ओला साबण चोळला आणि दांडा अगदी सावकाश फिरवला. गोळी सोडली. मंदा पुटपुटली, "ये गं बाय, ये."

टिक.

"आली."

उरलेल्यांतली दुसरी आली. तिसरी आली. चौथीला गोळी वळणावर क्षणभर रेंगाळली आणि मग आली. पाचवी नळी वाकवताना मी पाठ फिरवून उभा होतो. फक्त आवाज ऐकला.

शनिवारी कंपनीच्या माणसाने पाचही तपासल्या. मग बेंडरकडे वाकून पाहिलं. खोबणीत बियरच्या डब्याची हिरवी चित्रं चमकत होती. "हे काय?"

ताई म्हणाल्या, "नळी आमच्या समजापेक्षा बारीक होती. भाऊंनी मोजून काढली."

यात एक शब्दही खोटा नव्हता. तिघीजणी हसू दाबत होत्या. मी काही बोललो नाही. नंतरही कधी बोललो नाही, म्हणून आज लिहितो आहे. काम मिळालं. मंदाने मालकिणीला फोन केला नाही.

ताईंना मी शेवटचं पाहिलं ते कर्जतच्या दवाखान्यात. सलाईन लावलं होतं. मी सवयीने घड्याळ लावून मिनिटाला किती थेंब पडतात ते बघत होतो. एकही पडेना.

"बाटली काय बघता भाऊ?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "नळी बघा."

नळी पलंगाच्या दांडीखाली मुडपली होती. मी ती सोडवली. थेंब पडला.

"आली," ताई म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले.

शेड चालू आहे. आता तिथे सहाजणी आहेत आणि चाकाची खोबण बरोबर सहाची आहे. नवी नळी आली की आधी मी ती मोजतो. मग मंदा ती वाकवते, उभी धरते, डावा तळहात खाली लावते. टिक असा आवाज होतो. पुढचा शब्द कुणीच उच्चारत नाही. सगळ्यांचे हात तेवढ्यापुरते थांबतात, आणि मग मंदा दुसरी नळी आकड्याला लावते.