वीतभर उंचीचे दोन ठोकळे

काकांना सगळे ओळंबाकाका म्हणायचे. भिंत सरळ उभी राहिली की नाही ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो ना, तो ओळंबा. नांगराने जमिनीत जी रेघ पडते तिला शेतात तास म्हणतात, आणि काकांची तासं या बांधापासून त्या बांधापर्यंत अशी सरळ जायची की रस्त्याने जाणारा माणूस सायकल थांबवून विचारायचा, दोरी लावली होती काय हो? काका वरवर काही दाखवायचे नाहीत, पण त्या दिवशी चहा दोनदा मागायचे. आणि काकू? काकू म्हणजे ओळंब्याची बायको. उभ्या जन्मात त्यांना याहून वेगळं नाव कोणी दिलं नव्हतं आणि त्यांनीही ते मागितलं नव्हतं.

मग काकांचे डोळे गेले. एकदम नाही, कडेकडेने विझत गेले. आधी बांधावरचा माणूस ओळखू येईना, मग बांधच दिसेना, आणि एक दिवस काकांनी समोरचा कप सोडून शेजारची हवा उचलली तेव्हा काकू पदर तोंडाला लावून आत गेल्या. डॉक्टरांनी पुष्कळ खटपट करून शेवटी हात टेकले. घरात मात्र काका असे वावरायचे की नवख्या माणसाला संशय येऊ नये. खाटेपासून मोरी कुठे, उंबरा किती उंच, अंगणातली फरशी कुठे हलते, सगळं पायांना पाठ.

शेताचं मात्र पायांनी भागेना. दोन हंगाम भाड्याचा माणूस आणि त्याचाच ट्रॅक्टर-नांगर लावून नांगरून घेतलं. नांगरलं कसलं, नुसती जमीन खाजवून गेला. काका-काकू गाजर लावायचे, आणि गाजराला खोल भुसभुशीत माती लागते. खाली कडक थर लागला की ते बिचारं तिथेच अडतं आणि दोन पाय फुटून बसतं. दोन्ही वर्षी टोपल्यांतून दोन पायांची गाजरं निघाली. काकू म्हणाल्या, यांना आता चड्ड्या शिवायला हव्यात. हसण्यावारी नेलं खरं, पण बाजारात ती गाजरं कोणी हातात धरेना.

तेव्हा मुलगा आला. मुलगा वाईट नाही हं, उगाच त्याला नावं ठेवू नका. आईबाप या वयात मातीत राबतात हे त्याला बघवेना, एवढंच. तो म्हणाला, जमीन शेजाऱ्याला कसायला देऊ, ट्रॅक्टरही त्यालाच देऊ, तुम्ही दोघं माझ्याकडे फ्लॅटवर चला. काकू म्हणाल्या, या खेपेला मी नांगरते. तो हसला, मग आईचा चेहरा बघून हसू आवरलं. शेवटी ठरलं ते असं: पुढच्या रविवारी तो येणार. तोवर जमीन नीट, पुरती वीतभर खोल नांगरली गेली तर हा हंगाम इथेच. नाहीतर सामान बांधायचं.

काकू हो म्हणाल्या. फ्लॅट काकूंनी पाहिला होता. मागे थोडे दिवस दोघं तिथे राहून आली होती. काका त्या सगळ्या दिवसांत सोफ्याच्या एका कोपऱ्यात बसून होते. पाणी प्यायलासुद्धा उठायचे नाहीत. हातून काही सांडलं तर सून एक शब्द बोलणार नाही हे त्यांना माहीत होतं, आणि तिचं ते न बोलणंच त्यांना लागायचं. हा माणूस तिथे कायमचा गेला तर त्या कोपऱ्यातून पुन्हा उठणार नाही, हे काकूंना लख्ख दिसत होतं.

तर काकू ट्रॅक्टरवर बसल्या. ट्रॅक्टर छोटाच, मागे दोन फाळांचा नांगर. चालवायला त्या चार-दोन चुका करून शिकल्या. एकदा तेवढं कुंपण गेलं, पण ते तसंही जुनंच होतं. गल्लीतल्या पोरांनी लगेच ड्रायव्हरीणबाई असं नाव ठेवलं आणि काकूंना ते मनापासून आवडलं, आपलं स्वतःचं नाव होतं ना.

पण चालवणं वेगळं आणि नांगर लावणं वेगळं. काकांनी तो नांगर घेतला त्या वर्षी एकदाच माप लावून बसवला होता, आणि नंतर कोणी त्या मापाला हात लावला नव्हता. यंदा झिजलेले फाळ बदलायला नांगर लोहाराकडे गेला, त्याने सगळं खोलून ठेवलं आणि काकांनी बसवलेलं ते माप गेलं. आता पुन्हा पहिल्यापासून.

काका बांधावर आपल्या लाकडी ठोकळ्यावर बसायचे आणि इंजिनाचा आवाज ऐकायचे. काकू एक फेरी मारून यायच्या आणि विचारायच्या, अहो, आता काय करू? काका मान तिरकी करून विचार करायचे. मग सांगायचे, वरचा दांडा दोन आटे आवळ. नांगर तीन ठिकाणी ट्रॅक्टरला जोडलेला असतो, खाली दोन हात आणि वर मधोमध हा आट्यांचा दांडा. तो आवळला की नांगराचं नाक खाली झुकतं आणि फाळ जास्त खोल घुसतो. काकूंनी आवळला. पुढचा फाळ मातीत छान घुसला, मागचा मात्र वरवर सरकत राहिला. एक तास खोल, दुसरं उथळ, सगळी जमीन लंगडत चालल्यासारखी. पुन्हा बांधावर, पुन्हा तेच, अहो, आता? काका म्हणाले, अजून एक आटा. एक आटा आवळला तर ट्रॅक्टरचं तोंड हलकं पडून उचलायला लागलं आणि इंजिन कण्हायला लागलं. मग काका म्हणाले, सैल कर बघू थोडा.

असे दिवस चालले. काकूंच्या नाकीनऊ आले. हाताला घट्टे, पाठीची कमान, रविवार जवळ येतोय आणि मागचं तास काही खोल जाईना. काकांचं मात्र नवल होतं. जे इतके दिवस गप्प गप्प असायचे, ते आता सकाळी काकूंच्या आधी उठून तयार. रात्री जेवताना दांड्याबद्दल, फाळाबद्दल, मातीच्या ओलीबद्दल बोलायचे. काकूंना वाटायचं, काही का असेना, माणूस बोलायला तर लागला.

शुक्रवारी दुपारी काकू मोरीत भांडी घासायला बसल्या. बसायला त्यांचाही एक ठोकळा होता, काकांच्या ठोकळ्याचाच जोडीदार. नांगर घेतला त्याच वर्षी काकांनी दोन्ही तासून आणले होते. त्या दिवशी कढई घासताना ठोकळा डगमगला म्हणून काकूंनी तो उलटा केला. आजवर कधी उलटा केला नव्हता. खालच्या बाजूला लाकडात तिरक्या खाचा उमटल्या होत्या, खोल, एका अंतराने. आठवडाभर काकू चिखल काढून काढून ज्या टायरकडे बघत होत्या, त्याच टायरच्या खाचा.

काकूंनी ओल्या हाताचा पंजा ताणला आणि ठोकळ्याला लावला. उंची बरोब्बर एक वीत.

मग त्यांनी मनातल्या मनात ट्रॅक्टर शेतात उतरवून पाहिला. नांगरताना उजवी चाकं आधीच्या तासात उतरून चालतात, डावी वर, न नांगरलेल्या जमिनीवर. म्हणजे ट्रॅक्टर सगळा वेळ उजवीकडे कलूनच चालणार. मग अंगणात, सपाटीवर नांगर सरळ लावून काय उपयोग? शेतात गेला की तोही कलणार, एक फाळ खोल, एक उथळ. अंगणातच डावी चाकं वीतभर चढवायची, ट्रॅक्टर कलवायचा, आणि त्या कलण्यात नांगर सरळ करून घ्यायचा. त्यासाठी हे ठोकळे. आणि ज्याने ते तासले तो माणूस त्यातल्या एकावर बसून आठवडाभर आपल्याला आटे आवळायला लावतोय.

हात पुसायचंही भान राहिलं नाही. काकू ठोकळा घेऊन अंगणात आल्या. काका आपल्या ठोकळ्यावर बसले होते, ऊन खात.

"उठा," काकू म्हणाल्या. "मला तो ठोकळा हवाय."

काका उठले. कशाला, असं त्यांनी विचारलं नाही. न विचारण्यातच सगळं आलं. काकूंना इतका राग आला आणि एवढे शब्द सापडले की काकांना कुठे तोंड लपवू असं झालं. माझी हाडं खिळखिळी झाली, शेजारी कुंपणावरून बघून हसले, रविवारी पोरगा येऊन गाठोडी बांधणार, आणि तुम्ही मजा बघताय होय? काका सगळं ऐकून घेत उभे होते, दोन्ही हात पुढे, कोणी काही द्यावं म्हणून धरतात तसे.

"रोज सांगणार होतो," ते म्हणाले. "खरंच. पण तू दर फेरीला यायचीस आणि विचारायचीस, आता काय करू. डोळे गेल्यापासून मला कोणी काही विचारलंच नव्हतं गं. जेवलात का, झोपलात का, एवढंच."

काकूंचा राग जागच्या जागी बसला. गेला नाही, बसला. बायकांचा राग असा एका वाक्याने जात नसतो. पण त्यांना कपाशेजारची ती हवा आठवली, सोफ्याचा कोपरा आठवला. त्या जवळ गेल्या आणि काकांचे ते पुढे धरलेले हात त्यांनी आपल्या ओल्या हातात घेतले.

"आणि फ्लॅटवर गेल्यावर काय विचारणार होते मी तुम्हाला? लिफ्टचं बटण?"

काका हसले नाहीत. त्यांना हे सुचलंच नव्हतं, आणि ते त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. आठवडाभर कोणीतरी विचारतंय या सुखात, ते सुख जिथे होतं ते घरच आपण घालवायला निघालो होतो, हे त्यांना आत्ता कळलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. दिसत नसलं तरी रडता येतं, त्याला काय.

मग काका कामाला लागले. दोन्ही ठोकळे डाव्या चाकांना लावले, काकूंनी ट्रॅक्टर हळूच वर घेतला. काकांनी नांगराखाली पालथा हात घालून दोन्ही फाळांची टोकं चाचपली, आडव्या दांड्यावर तळवा ठेवला आणि नांगर जोडणाऱ्या खालच्या उजव्या हाताची उंची कमीजास्त करणारा फिरकीचा दांडा काकूंना फिरवायला लावला. अजून. अजून जरा. पुरे. वरचा दांडा मात्र त्यांनी चांगलाच सैल करायला सांगितला, तेव्हा काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की दिसत असतं तर काका पळून गेले असते.

शनिवारी सकाळी काकूंनी पहिली दोन तासं घातली आणि बांधाला ट्रॅक्टर थांबवला. काका मागून अनवाणी आले, तासाच्या कडेला उकिडवे बसले आणि हात आत घातला. करंगळी तळाला, अंगठा काठाला, पंजा पुरता ताणलेला. मग सरकून शेजारच्या तासात. तिथेही तेवढीच वीत.

काकूंनी विचारलं, "अहो, पुढचा बांध सोडून वळू, की आधी मधला पट्टा घेऊ?"

खरं तर काय करायचं ते त्यांना माहीत होतं. आणि काकूंना ते माहीत आहे, हे काकांनाही माहीत होतं. तरी ते मान तिरकी करून विचार करायला लागले, आणि काकूंनी इंजिन बंद करून वाट पाहिली.

तेवढ्यात फोन वाजला. मुलगा. उद्या सकाळी निघतो म्हणाला, सामान काय काय बांधलंय ते विचारलं. मग म्हणाला, बाबांना दे जरा.

काकूंनी तासाकडे पाहिलं. काकांचा हात अजून मातीत होता.

"बाबांना आत्ता नाही बोलता येणार रे," त्या म्हणाल्या. "ते कामावर आहेत."