पांढरे केलेले वीस दात

दंतमहाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सारे ज्यांना नुसते ‘काकू’ म्हणत, त्यांचे वय सत्तावन्न वर्षे आठ महिने, नोकरी एकतीस वर्षांची आणि निवृत्तीस चार महिने उरलेले. रुग्णांचे काढलेले दात बरणीतल्या पाण्यात जपणे, चाचणीसाठी ते ठोकळ्यांत रोवणे आणि दात सरळ करणाऱ्या तारेसाठी त्यांवर चिकटवलेले ब्रॅकेट यंत्राचे पाते किती जोराला उखडते ते नोंदवणे, हे त्यांचे काम.

त्या मंगळवारी जुन्या चिकटद्रव्याचे ब्रॅकेट बारा मेगापास्कलच्या आसपासच्या जोराला सुटले. दुसऱ्या बरणीतल्या दातांवर लावलेल्या नव्याचे मात्र पाचावरच खपलीसारखे निघू लागले.

“काकू, यंत्र रुसलंय की काय?” प्रबंध लिहिणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारले.

“यंत्रं रुसत नाहीत गं, माणसं रुसतात.”

“मग मटेरियलच फुसकं! सुटले बाई. शुक्रवारी प्रबंध देऊन टाकते.”

काकूंनी नोंदवही पुढे ओढली. दुसऱ्या बरणीतले दात डागाळलेले होते. डाग त्यांना खपत नसत. म्हणून सोमवारी त्यांनी ते वीसही दात पेरॉक्साइडमध्ये बुडवून लख्ख केले होते. दात पांढरे करून घेतलेल्या रुग्णाला ब्रॅकेटसाठी दोन आठवडे थांबवतात, नाहीतर चिकटद्रव्य धरत नाही, हे त्यांनी शेकडो वेळा ऐकले होते. बरणीतल्या दातांनाही तोच नियम लागू, हे मात्र तेव्हा सुचले नाही.

गप्प राहिले तर कोणाला कळणार होते? सेवापुस्तकात आजवर एकही शेरा नव्हता. त्यांनी वही मिटली, उघडली, पुन्हा मिटली.

“शुक्रवारी देऊ नकोस,” त्या अखेर म्हणाल्या. “दोष मटेरियलचा नसावा. माझा आहे.” आणि सगळे सांगितले.

“काकू! हे तर चाचणीत वाया गेले. आता नवे वीस दात मी कोणाच्या तोंडातून आणू?”

“माझे दिले असते, पण निम्मी कवळी आहे.”

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. खुर्चीतून उठून म्हणाल्या, “चला, माझ्या गाइड सरांकडे. दोघी जाऊ.”

प्रबंधाला सहा महिन्यांची मुदत मिळाली. काकूंच्या सेवापुस्तकात एक शेरा पडला. त्यांनी त्याखाली तारखेसह सही केली. निवृत्तीच्या दिवसापर्यंत सोळा दात जमले होते आणि त्यांवर नवे चिकटद्रव्य अकरापर्यंत टिकले. पुढे तीन दातांसाठी काकू घरून येऊन गेल्या. विसावा दात अद्याप यायचा आहे.