हिरव्या पाण्यामागे

मेघा गजभिये नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या तलावापाशी वाढली. साचल्या पाण्याकडे तासन्‌तास बघत बसायची सवय तिला तिथंच लागली, आणि पुढं तेच तिचं काम झालं. काटोलकडच्या एका धरणात दर ऑक्टोबरला दाट शेवाळ माजायचं, मासे मरून काठाला लागायचे. ते हिरवेपण कुठून येतं, हे मेघा नागपुरात बसून संगणकावर शोधत होती. पडद्यावर तिनं उतार, नाले, संत्र्यांचे बगिचे मांडले होते. त्यावर पाऊस पाडला की मातीतलं खत विरघळायचं आणि आवाज न करता खाली निघायचं. डोळे मिटले तरी तिला ते वाहताना दिसायचं.

एका दुपारी पडद्यावरची, खताच्या वाटेची सगळ्यात गडद रेघ ओळखीच्या नाल्यावर येऊन थांबली. तो चंपतरावांच्या बगिच्याचा नाला होता. चंपतराव म्हणजे तिच्या कॉलेजातल्या मैत्रिणीचे, श्वेताचे वडील. त्या बगिच्यात, फुलांच्या वासात, मेघा कितीदा झोपली होती. तिनं पावसाचे आकडे बदलले, उतार पुन्हा तपासले. रेघ हलली नाही.

शेवटी ती काटोलच्या बसमध्ये बसली. नाल्यावर ऊन सांडलं होतं. पाणी इतकं हिरवं, इतकं स्तब्ध, की वरून जाणाऱ्या बगळ्याची सावलीही त्यात रुतल्यासारखी वाटली. तिनं बाटली भरून घेतली आणि बगिच्यात गेली.

"काका, धरणातलं बरंचसं खत या नाल्यातून जाऊन राहिलं."

चंपतराव उठून उभेच राहिले. "माह्याच बगिच्यातून? सगळेच टाकतात वं खत!"

"तुमचं एकट्याचं नाही. वरच्या बगिच्यांचं पाणीही इथूनच उतरते."

"मंग मी का करू? झाडाईले उपाशी ठेवू?"

"नाही काका. खत थोडं थोडं द्या, पावसाच्या झडीत देऊ नका. अन् काठाची पट्टी गवताले सोडा. गवत बरंच अडवते."

चंपतराव पाठ फिरवून झाडांत निघून गेले. परतीच्या बसमध्ये मेघाला वाटलं, एक घर आपण आपल्याच हातानं गमावलं.

उन्हाळ्यात श्वेताचा फोन आला. बाबांनी नाल्याकाठची एक ओळ झाडं काढून तिथं गवत वाढू दिलं होतं, आणि वरच्या बगिचेवाल्यांशी रोज भांडून राहिले होते, खतावरून.

पुढच्या ऑक्टोबरात नाल्यातले गोटे दिसू लागले. धरण मात्र हिरवंच होतं.

"मंग फायदा का झाला?" धरणाच्या काठावर बसून चंपतरावांनी विचारलं.

"तळाच्या गाळात जुनं खत निजून आहे, काका. ते हळूहळू वर येते. धरण निवळाले लई वर्षं लागतील."

"तुह्या त्या कॉम्प्युटरात निवळलेलं दिसते का?"

"दिसते."

"मले दाखव."

मेघानं लॅपटॉप उघडला. उन्हात पडदा नीट दिसेना, म्हणून चंपतरावांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून दोघांच्या डोक्यावर धरला. त्या सावलीत, वर्षामागून वर्ष, धरणाचा रंग उतरत गेला.