अर्धं शेण, अर्धं पाणी

जिल्हा नवा होता आणि दुष्काळ जुना. मी लातूरला कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू झाले, तेव्हा कलेक्टर कचेरीतल्या निम्म्या खुर्च्यांच्या पाठीवर पांढऱ्या रंगात ‘उस्मानाबाद’ असंच लिहिलेलं होतं. टेबलं कमी, माणसं त्याहून कमी, आणि नळाला पाणी आठवड्यातून एकदा. मी नांदेडची. वडील गवंडी, आई त्यांच्याच हाताखाली विटा देणारी, आणि आमच्या सात पिढ्यांत सरकारी सही करणारी मी पहिली. खोली शोधायला गेले की घरमालकीण आधी गाव विचारायची, मग आडनाव. आडनाव सांगितलं की खोली कालच कुणालातरी दिलेली असायची. शेवटी विहाराजवळ एका नर्सबाईंनी त्यांच्या घरात एक कॉट दिली, आणि माझं बरं चाललं.

कचेरीत माझ्यावर एक अव्वल कारकून होते. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणायचे. धोतर नव्हे, पण धोतरासारखीच पांढरी शुभ्र पँट, कपाळावर बारीक गंध, आणि घरून आणलेला फिरकीचा तांब्या. बाहेरचं पाणी नाही, बाहेरचा चहा नाही. विचारलं तर म्हणायचे, “मला पित्त आहे.” अक्षर मात्र असं, की टिपणी वाचायच्या आधी बघत राहावी.

त्या वर्षी कलेक्टर साहेबांनी वर्तमानपत्रात आवाहन छापलं. वीज, पाणी, रस्ते, उद्योग, देशाची आर्थिक उभारणी यांवर नागरिकांनी आपापल्या कल्पना कळवाव्यात, नव्या जिल्ह्यात त्यांचा विचार होईल. भाऊसाहेबांना वाटलं होतं, दहा-वीस पत्रं येतील. आलं ते पोतं. ते फोडून आवक बारनिशीत, म्हणजे आलेल्या पत्रांच्या नोंदवहीत, चढवायचं काम माझ्याकडे आलं, आणि खरं सांगते, नोकरीत मला इतकी मजा पुन्हा आली नाही.

एकानं लिहिलं होतं, जत्रेतल्या रहाटपाळण्याला पंप जोडा, पोरं खेळतील आणि पाणीही निघेल. एका वकिलांनी बारा पानांत रेल्वे रुंद करायची मागणी केली होती आणि तेराव्या पानावर देशाचं चलन कसं सुधारावं ते. एक म्हणे, प्रत्येक गच्चीवर आरसे लावून सगळं ऊन एका जागी आणा, त्यावर साखर कारखाना चालेल. एकानं गोदावरी उचलून लातूरला आणायचा नकाशा काढला होता. नदी चढावर कशी चढेल एवढंच त्यात नव्हतं. विष्णुपुरीला धरणाचं काम चालू होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलेलं, म्हणून त्या नकाशावर मी जरा जास्तच वेळ घालवला.

आणि त्यात एक पोस्टकार्ड होतं. गावाबाहेर जनावरांची छावणी पडली होती, तिथून एका बाईनं कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं. चारच ओळी. ‘छावणीत शेणाचे डोंगर झालेत. बाया काट्याकुट्याला कोसभर जातात. निलंग्याकडं एकाच्या वाड्यात शेणाच्या गॅसवर भाकरी होताना मी बघितलीय. इथं का होत नाही, ते सरकारनं सांगावं.’

भाऊसाहेब म्हणाले, “किरकोळमध्ये टाका.”

“भाऊसाहेब, हे होण्यासारखं आहे.”

“बाई, होण्यासारखं असतं तर झालं नसतं का?”

मी त्यांचं ऐकलं नाही. अर्ध्या पानाची टिपणी लिहिली, पोस्टकार्ड टाचणीनं लावलं आणि फाईल आत गेली. तिसऱ्या दिवशी ती परत आली. समासात साहेबांनी हिरव्या शाईत लिहिलं होतं, ‘करून पाहा. पंधरा दिवसांत कळवा.’

भाऊसाहेबांना घामच फुटला. ज्या इंजिनिअरनं हे करायचं, त्याची जागा रिकामी होती. नव्या जिल्ह्यात बऱ्याच जागा नुसत्या कागदावर होत्या. ते फाईल हातात घेऊन माझ्या टेबलापाशी आले. “तुम्हीच लिहिलंत. आता हे करणार कोण?”

मी म्हटलं, “माझे वडील.”

हे खरंच होतं. बानं नांदेडजवळ लोह्याकडच्या खेड्यांत गोबर गॅसचे खड्डे बांधले होते. गोल भिंत सरळ उतरवणारा गवंडी म्हणून त्याला लोक शोधत यायचे. शनिवारी दुपारी मी नांदेडची एसटी पकडली आणि घरी जाऊन त्याला सांगितलं. बानं सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाला, “सरकारी काम हाय. आदी पाणी कुठून आणणार ते इचार. जेवढं शेण तेवढंच पाणी लागतंय. अर्धं-अर्धं. न्हाईतर गॅस न्हाई न् काई न्हाई.”

माझ्या टिपणीत पाणी नव्हतंच.

सोमवारी मी बाला घेऊन छावणीवर गेले. माळावर नजर जाईल तिथवर दावणी, कडब्याचा वास, आणि टँकरभोवती भांडणं. पोस्टकार्डवाली बाई सापडायला वेळ लागला नाही. तिला सगळी छावणी मावशी म्हणायची. पन्नाशीची, उंच, कपाळावर गोंदलेलं, हातात कायम एक खराटा. निलंग्याच्या पलीकडचं, कर्नाटकाच्या हद्दीवरचं गाव, त्यामुळं बोलताना मधूनच कानडी ‘अव्वा’ यायचं. तिच्या दोन म्हशी आणि एक बैल घेऊन ती एकटीच आली होती.

बानं तिला पाण्याचं सांगितलं. ती हसली.

“अव्वा! पाणी न्हाई हे मला ठावं न्हाई का? प्यायचं पाणी कोन मागतंय? जनावरांचा हौद धुतो तवा खालचं गढूळ पाणी फेकून देतो ते काय हाय? आन् जनावरं मुतत न्हाईत का?”

बानं डोकं खाजवलं. “मूत थोडंच चालंल. लई झालं की शेणाला मानवत न्हाई.”

“मंग थोडंच घे. बाकी हौदाचं.”

दोघं खाली बसून मातीत रेघा ओढायला लागले. हौद इथं, चर इथून, खड्डा उताराला. मी सरकारतर्फे उभी होते, पण मला कुणी काही विचारलं नाही.

काम सुरू झालं. चार बाप्ये खणायला आले, तर मावशीनं आठ बाया आणल्या. शहाबादी फरशीचे तुटके तुकडे गावातून गोळा करून बायांनीच दावणीमागून चर बांधला. लोखंडी टाकी शहरातल्या एका वेल्डर चाचानं केली. खड्ड्यावर उलटं घातलेलं घंगाळ म्हणावं तशी, पण माणूस आत उभा राहील एवढी. गॅस झाला की ही टाकी वर उचलते, वापरला की खाली बसते. चाचा टाकी ठोकून बघायचा आणि म्हणायचा, “बेटी, इसमें से हवा निकली तो मेरा नाम बदल देना.” पंधरा दिवस उलटून गेले. भाऊसाहेबांनी सुंदर अक्षरात ‘काम प्रगतिपथावर’ असं लिहून आणखी महिना मागून घेतला.

खड्डा भरला. बायांनी शेण आणि पाणी हातांनी कालवलं, गाठी फोडल्या, काड्या वेचून काढल्या. आता वाट बघायची. मी रोज कचेरीत जायच्या आधी छावणीवर जाऊन टाकी बघून यायचे. नर्सबाई विचारायच्या, “आज किती वर?” जसं काही घरात कुणाला दिवस गेलेत.

एका सकाळी टाकी वीतभर वर आली. मी धावत कचेरीत आले, आणि इथंच माझी चूक झाली. मी भाऊसाहेबांना सांगितलं, त्यांनी साहेबांना सांगितलं, आणि साहेबांना मंगळवारच मोकळा होता. बा म्हणत होता, “चार दिस थांबा, पयला गॅस खोटा असतोय, सोडून द्यावा लागतोय.” पण मंगळवार ठरला तो ठरला. मांडव पडला, रांगोळी निघाली, दोन पत्रकारही आले.

साहेब तरुण होते, उत्साही होते. त्यांनी शेगडीची कळ फिरवली आणि काडी लावली. काडी विझली. दुसरी लावली. तीही विझली. तिसऱ्या काडीला गॅसनंच फुंकर घातल्यासारखं झालं. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. भाऊसाहेबांचा चेहरा त्यांच्या पँटीसारखा झाला. बा खाली मान घालून उभा होता. माझ्या बापाला मी चारचौघांत आणून उभं केलं आणि त्याचं हसं केलं, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं.

तेवढ्यात मावशी पुढं झाली. पदर खोचला, टाकीवर थाप मारली आणि म्हणाली, “साहेब, पहिलटकरीण हाय. कळा येऊन थांबल्यात. येळ लागतोय.”

साहेबच आधी हसले, मग सगळा मांडव हसला. जाताना त्यांनी बाला विचारलं, “किती दिवस?” बा म्हणाला, “हा समदा गॅस सोडून देतो. दुसऱ्या भरतीला पेटतो.” साहेब बरं म्हणाले आणि गेले. पत्रकारांनी दुसऱ्या दिवशी काही छापलं नाही, हे त्यांचे उपकार.

पुढचे चार दिवस बा छावणीवरच राहिला. मला वाटलं होतं तो माझ्यावर चिडेल. तो एकदाच बोलला. “तुला पाणी आठवलं न्हवतं, साहेबांना गॅस सोडायचा आठवला न्हाई. कचेरीत बसून समदं कसं आठवंल?” एवढं म्हणून बिडी पेटवायला दूर गेला. टाकीजवळ तो कुणाला बिडी ओढू देत नव्हता.

शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला पुन्हा काडी लावली. मांडव नाही, रांगोळी नाही. बा, मी, मावशी, तिच्या आठ बाया, आणि का कोण जाणे, भाऊसाहेब. सायकलवर आले होते, तांब्या हँडलला. बानं कळ फिरवली, काडी धरली. काहीच दिसलं नाही.

“नाही पेटलं,” मी म्हटलं.

“पेटलंय,” बा म्हणाला.

“कुठंय?”

मावशीनं शेगडीवर हात धरला आणि चटकन मागं घेतला. “अय्यो! पेटलंय की गं!” उन्हात ती निळी ज्योत दिसतच नव्हती. बायांनी पदर आडवे धरून सावली केली, तेव्हा दिसली. अगदी फिकी, फुलासारखी, सरळ. एक बाई रडायला लागली. का रडतेस विचारलं तर म्हणाली, “आता काट्याला जायचं न्हाई.” तिच्या दोन्ही पायांना बाभळीच्या काट्यांच्या जुन्या खुणा होत्या.

मावशीनं चहा ठेवला. उकळला, गाळला, आणि मग कुणी हात पुढं करेना. शेणाच्या गॅसवरचा चहा! बायाच एकमेकींकडं बघायला लागल्या. मावशी चिडली. “सारवलेल्या भुईवर जेवता की. तवा न्हाई वास येत?”

बानं एक कप उचलला. मग मी. मग मावशीनं तिसरा कप भाऊसाहेबांसमोर धरला. ते तांब्याकडं बघत होते. किती वेळ गेला असेल? फार नाही. त्यांनी कप घेतला, फुंकर मारली, एक घोट घेतला, थांबले, दुसरा घेतला. सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होते.

“साखर कमी आहे,” ते म्हणाले.

त्यानंतर पावसापर्यंत छावणीतल्या भाकऱ्या त्या गॅसवर झाल्या. सगळ्यांना पुरायचा नाही. मग पाळ्या ठरल्या, पाळ्यांवरून भांडणं झाली, भांडणं मावशीनं मिटवली. भाऊसाहेब महिन्यातून दोनदा ‘तपासणी’ला यायचे आणि तपासणी चहा होईपर्यंत चालायची. पित्ताबद्दल मी कधी विचारलं नाही.

पुढं पाऊस झाला. जनावरं घरोघर गेली, आणि जनावरं गेली तसं शेणही गेलं. माळावर खड्डा आणि टाकी तेवढी उरली. मावशी कचेरीत आली आणि म्हणाली, टाकी माझ्या गावाला द्या. भाऊसाहेबांनी कागद काढला आणि लिहिलं, ‘निरुपयोगी लोखंडी पिंप, नग एक, ग्रामपंचायतीस वर्ग.’ मी ते वाचून दाखवलं तशी मावशी भडकली. “निरुपयोगी का म्हनून? तुमी चा पिलाय त्याच्यावरचा!”

भाऊसाहेब हळू आवाजात म्हणाले, “मावशी, उपयोगी लिहिलं तर तुम्हाला मिळणार नाही.”

टाकी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून गेली. खड्डा बांधायला बा गेला आणि दहा दिवस मावशीच्याच घरी राहिला. परत येताना लातूरला माझ्याकडं उतरला. काम कसं झालं विचारलं, तर तो जेवणाचंच सांगायला लागला. म्हणाला, “पयल्या दिशी जेवण झालं. माझं ताट मी धुवाया उचललं. आपल्याला सवय हाय. तर तिनं हातातून वढून घेतलं. म्हनली, दादा, माझ्या घरात पाव्हणा ताट धुत न्हाई.” नर्सबाईंनी त्याला पाणी दिलं, ते त्यानं एका दमात संपवलं.

दिवाळीला मी नांदेडला गेले. अंगणात लोह्याकडची दोन माणसं येऊन बसली होती, खड्डा बांधून पाहिजे म्हणून. बा जेवत होता. त्यानं आतूनच विचारलं, “जनावरं किती हायत?”

“चार.”

“आन् पाणी?”

ती एकमेकांकडं बघायला लागली. बा हात धुऊन बाहेर आला, जमिनीवर बसला आणि बोटानं मातीत पहिली रेघ ओढली.